वर गेली ते गेली, खाली कशी आली?

बारा एप्रिल, रविवार. हातातलं काम : गच्चीवर वाळत घातलेले बिबडे कापडावरून सोडवणं.

बिबडे ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी भिजवून, वाळवून भरडतात, तिचा तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून घट्ट घाटा शिजवतात आणि गरम असतानाच ओल्या हाताने कापडावर थापतात. पापडासारखे वाळले की कापड उलटं करून पाठीवर पाणी शिंपडायचं, मग ते सुटतात. घाई केली तर तुटतात. आमच्याकडे कापड म्हणून माझ्या सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं वापरतात. ते इतकी वर्षं वापरात आहे की त्याला धुतल्यावरही जिऱ्याचा वास येतो.

त्या दिवशी मला एक जास्तीचं काम होतं. संध्याकाळी एका प्रसिद्ध गिर्यारोहक बाईंची जाहीर मुलाखत घ्यायची होती आणि माझा एकही प्रश्न तयार नव्हता.

हे काम मला शेजारच्या भाभींमुळे मिळालं. त्यांचं घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जळगावात कापडाचं दुकान. भाभी त्यांच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. पाहुण्या ठरल्या, हॉल ठरला, शाल-श्रीफळ आलं, आणि मग मुलाखत कोण घेणार हा प्रश्न निघाला.

"तुम्ही शाळेत भूगोल शिकवता ना," भाभी म्हणाल्या, "मग डोंगर तुमचाच विषय झाला."

मी त्यांना माझा अनुभव सांगितला. माझं माहेर धुळ्याचं. धुळ्याच्या मुली सहलीला सोनगीरच्या किल्ल्यावर जातात, तशी मीही गेले. वरून महामार्गावरचे ट्रक काडेपेटीएवढे दिसतात. पुढे शिक्षिका झाल्यावर जळगावच्या मुलींना घेऊन पुन्हा गेले. जेवढ्या मुली वर नेल्या तेवढ्याच खाली आणल्या, एवढाच माझा गिर्यारोहणातला विक्रम. त्यानंतर मी सहल पारोळ्याच्या किल्ल्यावर नेऊ लागले. तो भुईकोट आहे. चढायचा प्रश्नच येत नाही.

"बस झालं की," भाभी म्हणाल्या. "आमच्याकडे तेवढंही कोणी चढलेलं नाही."

तर मी गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात बसून, भूगोलाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहीत होते आणि मधूनमधून कावळे हाकलत होते. माझ्या मागे, पत्र्याच्या खोलीच्या दारात, सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणते. अक्का गेला आठवडाभर गच्चीवरच होत्या. त्याचं कारण सांगायला हवं.

दिवाळीत अक्का अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. वॉकर धरून त्या सपाटीवर चालू लागल्या, पण जिन्याला पाय लावला नाही. आमचा जिना घराच्या बाहेरून आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. माझ्या नवऱ्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, त्यामुळे ग्रिलवाला येईपर्यंत म्हणून त्यांनी तिथे नळीचा कठडा बसवला. ग्रिलवाला अजून आला नाही. नळीला हात लावला की ती वाकते.

मग बिबड्यांचे दिवस आले. घाटा शिजला की नाही हे आमच्या गल्लीत अक्काच सांगतात. चूल गच्चीवर, अक्का खाली. सगळ्या बायका म्हणाल्या, अक्कांशिवाय कसं होईल. म्हणून मागच्या रविवारी पहाटे नवऱ्याने गल्लीतले तिघे बोलावले, अक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघांनी मिळून वर आणलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी घाट्यात उलथनं फिरवलं, चव घेतली, आणखी मीठ टाकायला लावलं.

घाटा वाटीत घालून खाली त्यांच्याकडे नेता आला असता. हे आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही. सुचलं तेव्हा अक्का वर होत्या.

रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी गरम घाट्यावर कच्चं तेल घालून खाल्लं. खारट होता. वाट्या सगळ्यांनी संपवल्या.

संध्याकाळी चौघं खुर्ची उचलायला आले. खुर्ची जिन्याच्या तोंडाशी नेली आणि अक्कांनी दाराची चौकट धरली. सोडेनात.

"काय झालं अक्का?" नवऱ्याने विचारलं.

"चार जन उचलीसन खाले लई जातस ते एकच डाव," अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "मी आजून जित्ती शे."

चौघांनी उचलून खाली न्यायची वेळ माणसावर एकदाच येते आणि आपण अजून जिवंत आहोत, असं त्यांचं म्हणणं. वर येताना चौघेच होते, हे शेजाऱ्यांपैकी एकाने सांगून पाहिलं. वर नेणं वेगळं, असं उत्तर मिळालं. खरं कारण चौघं होते की तो उघडा जिना, हे मी विचारलं नाही. त्या एका हाताने चौकट धरून होत्या आणि दुसऱ्या हाताने पदर सारखा करत होत्या, एवढं मी पाहिलं.

पत्र्याची खोली आम्ही कधीकाळी भाडेकरू विद्यार्थ्यांसाठी बांधली होती. संडास-बाथरूम आहे, पलंग आहे. त्यामुळे दोन दिवस काही अडलं नाही. अक्का वर आहेतच तर बिबड्यांची दुसरी खेपही उरकून घेऊ, असं मी ठरवलं. या वेळी मीठ मी टाकलं, निम्मं. अक्कांनी चव घेऊन सांगितलं, मीठ कमी पडलं. मी हो म्हटलं.

पण एप्रिलातलं जळगाव पत्र्याखाली काढायचं म्हणजे सोपं नाही. कूलर लावला तर तोही गरम हवा फेकू लागला. अक्का डोक्यावर ओला पंचा ठेवून बसायच्या. जेवण निम्म्यावर आलं. शुक्रवारी त्यांना भोवळ आली. डॉक्टर वर येऊन तपासून गेले आणि जाताना जिन्यात मला म्हणाले, "दोन-तीन दिवसांत खाली आणा. नाहीतर थेट आमच्याकडेच आणावं लागेल." नवऱ्याने ओळखीच्या ॲम्ब्युलन्सवाल्याला सांगून ठेवलं. सोमवारी सकाळी दोन माणसं स्ट्रेचर घेऊन येणार, अक्कांना पट्ट्यांनी बांधून खाली आणणार.

अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग तोंडवर पांघरून बी टाकी द्या."

म्हणजे रविवारी गच्चीवर आम्ही दोघी होतो, त्यात एकीला संध्याकाळी मुलाखत होती आणि दुसरीला सकाळी स्ट्रेचर.

"काय लिखी राहिनी वं मास्तरीनबाई?" अक्कांनी विचारलं.

"प्रश्न. डोंगर चढणाऱ्या बाईंना विचारायचे."

"वाच."

मी वाचला. गिर्यारोहणावर परिणाम करणारे घटक कोणते?

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. तो प्रश्न मी खोडला. आठवीच्या पेपरात तो पाच गुणांना येतो, आणि कोणीही तो आनंदाने सोडवलेला मी पाहिलेला नाही. पुढचा प्रश्न भाभींनी दिलेला होता. आपल्याला प्रेरणा कोठून मिळाली?

"कोनी सांगं तिले जावाले, असं इचार," अक्का म्हणाल्या.

म्हणजे अर्थ तोच, फक्त जरा धारदार. भाभींचा प्रश्न मी तसाच ठेवला. तिसरा मी स्वतःचा लिहिला होता. शिखरावर पोहोचल्यावर मनात पहिला विचार कोणता आला? हा प्रश्न अशा बाईंना आतापर्यंत किती वेळा विचारला गेला असेल याचा विचार केला आणि खोडला. वर थंडी किती असते? हे मला माहीत आहे. पुस्तकात आहे. खोडला.

नवरा चहा घेऊन वर आले. रविवारी चहा ते करतात. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "ऑक्सिजनच्या नळीचा व्यास विचार."

"कशाला?"

"सहज. माझ्या धंद्यातलं आहे."

"लोक झोपतील."

"प्रेरणेला नाही झोपणार?"

मी व्यास लिहून घेतला. कागदावर प्रश्न तरी दिसू लागले. अक्का चहा बशीत ओतत होत्या. मग त्यांनीही भर घातली. वर स्वयंपाक कोण करतं? अंघोळीचं काय? तिचा नवरा काय करतो? तो खाली वाट बघत बसतो की कामाला जातो? वरून येताना तिथलं काही आणलं का, माती, दगड, काहीतरी? मी सगळं उतरवून घेतलं. सतरंजी अंथरून बसलेल्या बायकांना हेच ऐकायचं असणार आणि माझ्या प्रश्नांपेक्षा ते बरे होते. नवऱ्याबद्दलचा मात्र गाळला. पुरुष गिर्यारोहकाला बायको काय करते असं कोणी विचारत नाही.

"गाळ," अक्का म्हणाल्या. "पन एक इचार. वर गयी ते गयी. खाले कशी ऊनी?"

मी पेन थांबवलं. नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. अक्का आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या जिन्याच्या दिशेने बघत होत्या, जिथे त्यांना त्या आठवड्यात फक्त नळीच्या कठड्याचं वरचं टोक दिसत होतं.

मी तो प्रश्न लिहिला. मग उरलेले बिबडे सोडवले. तीन तुटले.

संध्याकाळी हॉल भरला होता. पंखे फिरत होते आणि तरी पहिल्या रांगेतल्या बायका पदराने वारा घेत होत्या. पाहुण्या बाई माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. सपाट चपला, बारीक केस, हात मात्र लाकूडतोड्याचे. त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. नारळ कुठे ठेवायचा हे कोणी सांगितलं नाही, म्हणून तो मांडीवर घेऊनच त्या बसल्या.

प्रेरणेचं त्यांनी सांगितलं. ते उत्तर त्यांना पाठ होतं आणि ते देताना त्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मीही शाळेत नद्यांची नावं सांगताना असंच बघते, म्हणून मला ते ओळखता आलं. स्वयंपाकाच्या प्रश्नाला बायका पुढे सरकल्या. अंघोळीच्या प्रश्नाला हसल्या. नळीचा व्यासही मी विचारला. बाईंनी बोटांनी दाखवला. मागे उभे असलेले माझे पती मान डोलावत होते. घरी जाऊन म्हणाले, आपल्याकडे त्याच मापाची येते.

मग मी म्हटलं, "वर गेलात ते गेलात. खाली कशा आलात?"

हॉलमध्ये हशा झाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळावरून नजर काढली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कोणी अडकलंय का?"

असं विचारतील याची तयारी मी केलेली नव्हती. "हो," म्हटलं.

"कुठे?"

"आमच्या गच्चीवर."

पुन्हा हशा. बाईंनी तो संपू दिला. त्यानंतर प्रश्न त्यांनीच विचारले आणि उत्तरं मी दिली. कोण आहे? सासूबाई. वय? पंच्याहत्तरच्या पुढे. दुखापत? खुब्याला, डाव्या बाजूला, दिवाळीपासून. वर कशा गेल्या? खुर्चीत. चालता येतं का? सपाटीवर येतं. हातांत जोर आहे? घाटा ढवळतात. कठडा आहे? नळीचा आहे. भिंत? एका बाजूला आहे. चक्कर येते का? परवा आली, उन्हाने. मग सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, आणि डॉक्टरला फोनवर विचारून. आणि उतरताना तोंड कुठे करायला सांगितलं होतं तुम्ही?

"पुढे," मी म्हटलं. "जिन्याकडे. सगळे उतरतात तसं."

"सगळे पडतातही तसंच," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. नारळ त्यांनी माझ्या हातात दिला. स्टेजच्या कडेला लाकडी पायऱ्या होत्या, तिथे गेल्या, स्टेजकडे तोंड फिरवलं आणि शाल सावरत, पायरीला हात टेकत, उलट्या उतरू लागल्या. "तोंड डोंगराकडे," त्या उतरता उतरता सांगत होत्या. "म्हणजे दरी दिसत नाही. आधी दुखरा पाय खाली. तो टेकला, त्याने चाचपलं, वजन घेतलं, मग दुसरा. हात कधी दोन्ही एकदम सोडायचे नाहीत. कमरेला दोर. दोर वरच्याने धरायचा, खाली एक माणूस हवा. आणि बोलायचं फक्त उतरणाऱ्याने. बाकीचे बोलतात म्हणून माणूस घाबरतं."

खाली पोहोचल्या, पुन्हा वर आल्या, जागेवर बसल्या, नारळ परत घेतला. तेवढ्यात भाभींची चिठ्ठी आली. त्यात एकच शब्द होता, संदेश. मी विचारलं, महिलांना काय संदेश द्याल?

"गुडघे सांभाळा," बाई म्हणाल्या.

भाभींना तो संदेश थोडा तोकडा वाटला, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

घरी आल्यावर मी तडक वर गेले. अक्का जेवून बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. पलंगाचा कठडा धरून करूनही दाखवलं. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ह्यानाकरता तुमी हॉल भाड्याने लिधा?" त्या म्हणाल्या. "शिडीवरथून बठ्ठा असाच उतरतस. लहानपनी माळवरथून मी अशीच उतरू, डोकावर कडबा लईसन." म्हणजे शिडीवरून सगळे असेच उतरतात, आणि लहानपणी त्याही माळ्यावरून, डोक्यावर कडबा घेऊन.

"मग आठवडाभर का नाही उतरलात?"

"जिनाले कोन शिडी म्हनस?"

नवऱ्याने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, धरायला दोघं असतील आणि चक्कर नसेल तर बघा करून, नाहीतर स्ट्रेचर आहेच. स्ट्रेचर आहेच हे अक्कांनी ऐकलं. पंचा झटकून दोरीवर टाकला आणि उशी नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडल्याबरोबर, मी लुगड्यावरचे उरलेले कण झटकले. धुवायला वेळ नव्हता. नवरा दुकानातून नवी नळी आणू म्हणत होते, मी नको म्हटलं. लुगडं पिळून अक्कांच्या कमरेला बांधलं, दोन गाठी मारल्या, दुसरं टोक पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला एक वेढा देऊन नवऱ्याच्या हातात दिलं. मी जिन्यात खाली उभी राहिले. अक्कांनी तोंड फिरवलं. एक हात भिंतीला, एक हात वरच्या पायरीला. डावा पाय खाली आला, हवेत थोडा फिरला, पायरी सापडली.

"हळू," वरून नवऱ्याचा आवाज आला. "अक्का, हळू. घाबरू नका. आता दुसरा..."

"भाऊ, तू उगा राय."

अक्का मुलाला भाऊ म्हणतात. ते गप्प झाले. माझ्या डोळ्यांसमोर अक्कांच्या टाचा होत्या, भेगाळलेल्या, आणि त्या एकेक करून माझ्याकडे येत होत्या. मी एकेक पायरी मागे सरकत होते. मधल्या वळणावर त्या थांबल्या. डावा पाय थरथरत होता. मी दोन्ही हात वर केले, पण लावले नाहीत. लुगडं ताणलेलं होतं. अक्कांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती, नाक भिंतीपासून वीतभरावर होतं.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आठे रंग निंघी जायेल शे."

"इथला रंग दिवाळीला लावू," मी म्हटलं. मी बोलायचं नव्हतं, पण विषय उतरणाऱ्याने काढला होता.

पायाची थरथर थांबली. पुढची पायरी सापडली.

त्या जमिनीला लागल्या तेव्हा फाटकाशी दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती. नवऱ्याने रात्री त्यांना येऊ नका म्हणून फोन केला नव्हता. मी करते असं मी म्हटलं होतं आणि मीही केला नव्हता. अक्कांनी तोंड फिरवलं, पदर सारखा केला, त्या दोघांना खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "कोनले लेवाले ऊनात?"

कोणाला न्यायला आलात, असा तो प्रश्न. त्यांनी स्ट्रेचर मिटवलं. अक्कांनी त्यांना ओट्यावर बसवलं, मला बिबडे तळायला सांगितलं, आणि ते पहिल्या खेपेचे, त्यांच्या मिठाचे, असं बजावून सांगितलं. मी तळले. दोघांनी छान झालेत म्हणून सांगितलं आणि पाणी दोनदा मागितलं. कमरेचं लुगडं सोडायचं सगळे विसरले होते. अक्का त्याचं लांब टोक मांडीवर घडी करून बसल्या होत्या आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक येईल तेव्हा कोणत्या खोलीत झोपवायची हे मला सांगत होत्या.

वॉकर वरच राहिला होता. तो आणायला मी गच्चीवर गेले. पत्र्याच्या खोलीतला पंचा, तांब्या, औषधांची पिशवी घेतली, कूलर बंद केला. वॉकर आधी नवऱ्याकडे खाली दिला. मग जिन्याच्या तोंडाशी आले, इकडे तिकडे बघितलं. भाभींची खिडकी बंद होती. मी तोंड पायऱ्यांकडे केलं आणि तशी उतरले. गुडघ्यांना खरंच कमी लागतं.